तोच टाका, दोन बेटं

"मालगास माणूस आळशी असतो, त्याच्या मागे उभं राहावं लागतं." २००६ साली मला मादागास्करला पाठवायचं ठरलं, तेव्हा मॉरिशसमधल्या आमच्या कारखान्यात हे वाक्य मला निदान दहा जणांनी ऐकवलं. मालगास म्हणजे मालागासी, मादागास्करचा माणूस. कुणाच्याच मनात वाईट नव्हतं. लांबच्या प्रवासाला निघालेल्याला आपण 'पाणी उकळून पी' म्हणून बजावतो, तितक्याच मायेनं ते सांगत होते.

मी इचलकरंजीचा. वडील खर्चीवाले, चार मागांवर दुसऱ्याचं सूत विणून द्यायचे. टेक्स्टाइलचा डिप्लोमा केला आणि १९९६ मध्ये स्वेटरच्या एका कारखान्यात नोकरी मिळाली म्हणून मॉरिशसला गेलो. दहा वर्षांत तिथली क्रेओल बोली तोंडात बसली, आणि तिच्याबरोबर हा समजही मनात बसला असावा, कारण त्या दहा जणांपैकी एकालाही मी उलटून काही विचारलं नाही. मादागास्करमधल्या अन्त्सिराबेच्या कारखान्यात गेल्यावर तो समज जायला तीन आठवडे लागले. आज वीस वर्षं होत आली. गरीब देश गरीब का आणि श्रीमंत देश श्रीमंत का, अशी चर्चा कुठे निघाली की लोक आकडे काढतात. मला तिथला लिंकिंग विभाग दिसायला लागतो.

लिंकिंग म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. स्वेटरचं अंग मशीनवर विणलं जातं, कॉलर वेगळी विणतात. दोन्ही साध्या शिलाई मशीनवर जोडली तर मानेला बोचणारी जाड शिवण येते. म्हणून वेगळं मशीन असतं. ताटाएवढी गोल चकती, आणि तिच्या कडेनं कंगव्याच्या दातांसारखे काटे. कॉलरच्या कडेचा एकेक टाका एकेका काट्यावर चढवायचा, मग त्याच काट्यांवर अंगाच्या गळ्याचे टाके चढवायचे. चकती फिरत राहते आणि सुई त्यातून साखळी घालत जाते. बारा गेजच्या, म्हणजे बारीक विणीच्या, स्वेटरला काटे इतके जवळ असतात की नवीन माणसाला ते वेगवेगळे दिसतच नाहीत. एक टाका सुटला तर धुलाईत तिथून भोक पडतं आणि अख्खा स्वेटर बाद होतो. हे काम शिकायला तीन महिने लागतात, हात बसायला वर्ष.

अन्त्सिराबेला दुसऱ्या ओळीत एक बाई बसायची. वय तिशीच्या आतबाहेर. आठ वर्षं लिंकिंग करत होती. मी तिच्या मागे घड्याळ घेऊन उभा राहिलो, कारण मला तसंच सांगितलेलं होतं. थोड्या वेळानं लक्षात आलं की ती काट्यांकडे बघतच नाही. डावा अंगठा कॉलरची कड ताणून धरतो, उजव्या हाताचं बोट टाका चाचपतं आणि टाका काट्यावर जाऊन बसतो. नजर पुढच्या स्वेटरवर. त्या दिवशी तिनं काढलेले नग मी दोनदा मोजले. मॉरिशसमधल्या आमच्या सगळ्यात तरबेज बाईपेक्षा ते कितीतरी जास्त होते, आणि एकही बाद नव्हता.

मशीन तेच होतं. मॉरिशसमधूनच बोटीनं आणलेलं, जुन्या कारखान्याचा नंबरही त्यावर तसाच होता. लोकर तीच, गिऱ्हाईक तेच, युरोपातल्या दुकानात टांगल्यावर स्वेटरची किंमतही तीच. आणि तिचा महिन्याचा पगार म्हणजे मॉरिशसमधल्या बाईचा जेमतेम आठवड्याचा.

संध्याकाळी खोलीवर आल्यावर मला माझीच लाज वाटली. मी घड्याळ घेऊन कुणाच्या मागे उभा होतो?

दोन्ही बेटं एकाच महासागरात आहेत, विमानानं सुमारे दोन तासांचं अंतर. मॉरिशस आमच्या कोल्हापूर जिल्ह्याच्या साधारण पाव, वस्ती साडेबारा लाखांची. मादागास्कर महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट, वस्ती तीन कोटींच्या घरात. मॉरिशसमध्ये दरडोई वार्षिक उत्पन्न ११-१२ हजार डॉलर, मादागास्करमध्ये ५०० डॉलरच्या आसपास. आणि सगळ्यात जिवाला लागणारी गोष्ट ही की १९६० साली फ्रेंच गेले तेव्हा मालागासी माणसाचं सरासरी उत्पन्न जेवढं होतं, त्याहून ते आज कमी आहे. देश गरीब होता आणि गरीब राहिला, एवढंच असतं तर एक वेळ समजता आलं असतं. इथे दोन पिढ्या राबल्या आणि मागे गेल्या.

मॉरिशसमध्ये कास्काव्हेलला मराठी लोकांची जुनी वस्ती आहे. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते आणि रात्री झाकरी चालते, आपल्या कोकणातल्या जाखडीची नातलग. १८३४ नंतर उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून हिंदुस्थानातून जी साडेचार लाखांवर माणसं त्या बेटावर उतरली, त्यात मुंबईहून बोटीत बसलेले रत्नागिरीचे, साताऱ्याचे, कोल्हापूरचेही होते. ज्या धक्क्यावर ती उतरली, त्याच्या सोळा पायऱ्या राजधानी पोर्ट लुईला आजही आहेत. कास्काव्हेलच्या एका म्हाताऱ्या काकांकडे मी गणपतीला जायचो. ते म्हणायचे, "आमचा पणजा हात हलवत आला. कष्ट केले म्हणून वर आलो. त्या मालगासांना कोण अडवतंय?"

काकांच्या पणजोबांच्या कष्टांबद्दल मला काडीचीही शंका नाही. पण त्याच काकांनी मला दुसरी गोष्टही सांगितली होती, आणि दोन्ही त्यांच्याच तोंडच्या असल्यामुळे मी त्या शेजारी ठेवून पाहतो. फेब्रुवारी १९६० मध्ये कॅरोल नावाचं चक्रीवादळ आलं. काकांचं गवताचं छप्पर गेलं, गावातली बहुतेक घरं गेली. त्यानंतर सरकारनं काँक्रीटच्या घरांच्या वसाहती बांधल्या. काकांना त्यातलं एक घर मिळालं. तोवर म्हाताऱ्यांना पेन्शन सुरू झालेली होती. दवाखाना फुकट होता. १९७७ पासून माध्यमिक शाळाही फुकट झाली आणि काकांची धाकटी मुलगी दहावीच्या पुढे गेली, तशी जाणारी घरातली पहिलीच मुलगी. हे सगळं कष्टाला मिळालेलं खतपाणी होतं, आणि ते सरकारनं घातलं होतं.

त्या काळी मॉरिशसबद्दल कुणालाच आशा नव्हती. जेम्स मीड हे इंग्लिश अर्थतज्ज्ञ, ज्यांना पुढे १९७७ मध्ये नोबेल मिळालं, त्यांनी १९६१ च्या अहवालात या बेटाचं भवितव्य काळंकुट्ट रंगवलं. पीक एकच, ऊस. मलेरिया हटल्यामुळे लोकसंख्या भराभर वाढलेली. कामं नाहीत, आणि नाना धर्मांचे, नाना भाषांचे लोक एका टीचभर जागेत. मीड चुकले असं आज सर्रास म्हटलं जातं. मला ते तसं सरळ वाटत नाही. त्यांनी दाखवलेली भीती खरी होती, आणि म्हणूनच लोक जागे झाले असावेत. १९७० मध्ये निर्यातीच्या कारखान्यांसाठी कायदा झाला. हाँगकाँगचे कापडवाले आले, कारण श्रीमंत देशांनी कपड्यांच्या आयातीवर घातलेल्या मर्यादेतला हाँगकाँगचा वाटा, म्हणजे कोटा, संपलेला होता आणि मॉरिशसचा रिकामा होता. उसाच्या पैशावर बसलेल्या गोऱ्या जमीनदारांनीही त्यात पैसा घातला. नव्वदच्या सुमारास या कारखान्यांत सुमारे ९० हजार माणसं होती, त्यात बहुसंख्य बायका.

आणि तो उसाचा पैसा कुठून आला? आमच्या भागातल्या माणसाला हे लगेच कळेल, कारण आमच्याकडे दर हंगामाला ऊसदरासाठी रस्ता रोको होतो. १९७५ च्या करारानं युरोपनं मॉरिशसची सुमारे ५ लाख टन साखर दरसाल ठरलेल्या दरानं घ्यायचं कबूल केलं. बहुतेक वर्षी तो दर जगाच्या बाजारापेक्षा बराच वर असायचा, आणि हे तीस वर्षांहून जास्त चाललं. खात्रीचा दर, खात्रीचं गिऱ्हाईक, तेही तीस वर्षं! शिरोळ-हातकणंगल्याच्या शेतकऱ्याला असं कुणी दिलं असतं, तर त्यानं काय काय उभं केलं असतं याचा मी कधीकधी विचार करतो. मॉरिशसनं तो पैसा उधळला नाही, साखरेच्या निर्यातीवर कर लावून त्यातला वाटा शाळा-दवाखान्यांकडे वळवला, हे त्या देशाचं मोठेपण. पण दार बाहेरून उघडलेलं होतं, हे विसरून चालणार नाही.

आणखी एक गोष्ट काकांच्या वाक्यात बसत नाही. आपले लोक येण्याआधी मॉरिशसमधला ऊस गुलाम लावायचे. ते मोझांबिकमधून आणलेले होते, आणि फार मोठ्या संख्येनं मादागास्करमधून. मळे त्यांनी उभे केले, रस्ते त्यांनी फोडले. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा इंग्रज सरकारनं २० लाख पौंडांहून जास्त भरपाई दिली, ती मालकांना. गुलामांच्या हातात काही पडलं नाही. मालागासी माणसाला आळशी म्हणणाऱ्या त्या बेटावरची पहिली दौलत मालागासी हातांचीच आहे. मी हे काकांना एकदा सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नाही."

१९८२ ची निवडणूक मॉरिशसमध्ये अजून लोकांच्या तोंडी आहे. बेरोजगारी भयंकर वाढलेली, तिथल्या रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालेलं. स्वातंत्र्यापासून सत्तेवर असलेल्या सर शिवसागर रामगुलाम यांच्या पक्षाला मुख्य बेटावरच्या ६० जागांपैकी एकही मिळाली नाही. साठ विरुद्ध शून्य! आणि म्हातारे रामगुलाम शांतपणे घरी गेले. पुढच्याच वर्षी त्यांना गव्हर्नर जनरल केलं. त्या आठवड्यात बंदरातली एक बोटही थांबली नाही, असं आमच्या कारखान्यातले जुने लोक सांगायचे.

आता मादागास्कर. २००२ मध्ये निवडणुकीचा निकाल कुणाच्या बाजूनं लागला यावर वाद पेटला. जुन्या राष्ट्राध्यक्षांच्या माणसांनी राजधानीकडे येणारे रस्ते अडवले, पूल सुरुंगानं उडवले. राजधानी अंतानानारिव्हो डोंगरात, आणि मोठं बंदर तोआमासिना पूर्व किनाऱ्यावर, साडेतीनशे किलोमीटर वळणावळणांचा घाट उतरून. अन्त्सिराबे राजधानीच्याही दक्षिणेला १७० किलोमीटर. स्वेटरचा खोका आमच्याकडून बोटीपर्यंत जायचा तो या एकाच वाटेनं. मॉरिशसमध्ये कारखान्याच्या फाटकापासून बंदर तासाभरावर. लिंकिंगला बसलेल्या बाईनं टाका अर्ध्या सेकंदात चढवला काय आणि पाव सेकंदात चढवला काय, खोका घाटात चार दिवस अडकला की तिचा सगळा वेग मातीत. गिऱ्हाईक दंड लावतं किंवा ऑर्डर विमानानं पाठवायला लावतं. हा खर्च कुठून तरी निघायला हवा. तो तिच्या पगारातून निघत होता. हे मी हिशेबाच्या कागदावर रोज बघत होतो.

वीज तशीच. मालागासी भाषेत दिव्याला आणि विजेलाही 'जिरो' म्हणतात. 'त्सी मिसी' म्हणजे नाही. 'त्सी मिसी जिरो', लाइट गेली. हे मी शिकलेलं पहिलं मालागासी वाक्य. देशातल्या बहुसंख्य घरांत तर जायला मुळात वीजच नाही.

अन्त्सिराबे गाव मात्र फार देखणं. दीड हजार मीटर उंचीवर, हवा माथेरान-महाबळेश्वरहून थंड. जुलैमध्ये पहाटे गवतावर हिमाची पांढरी साय धरते. अशा पहाटे अनवाणी माणसं पूस-पूस ओढताना दिसायची. पूस-पूस म्हणजे हातरिक्षा, तऱ्हेतऱ्हेच्या रंगांत रंगवलेली. मी पहिला महिनाभर तीत बसलो नाही. मग एका ओढणाऱ्यानं मला थांबवून विचारलं की तुम्ही का बसत नाही, माझं आजचं भाडं अजून निघालं नाही. त्याला काय उत्तर द्यायचं? बसलो. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं, ते वाचताना मला त्याच्या टाचा आठवल्या. भेगाळलेल्या, चुनखडीसारख्या. माथेरानच्या ओढणाऱ्याला निदान ई-रिक्षा देण्याचा विचार करणारं कुणीतरी होतं.

जेवणाच्या सुट्टीत बायका भात आणायच्या. तीन वेळा भात खाणारा हा देश, अगदी आपल्या कोकणासारखा. भात काढून झाल्यावर पातेल्याच्या बुडाला करपून चिकटलेल्या भातात पाणी ओतून उकळतात, आणि तेच जेवताना पितात. त्याला 'रानोवोला' म्हणतात. 'रानो' म्हणजे पाणी, 'वोला' म्हणजे चांदी, पैसा. धुरकट चवीचं, कोमट, सोनेरी पाणी. त्या दुसऱ्या ओळीतल्या बाईनं मला एकदा कपभर दिलं. मी घटाघटा प्यायलो तेव्हा अख्खी ओळ हसली. घड्याळ मी त्याआधीच कपाटात टाकलं होतं.

२००८ च्या अखेरीस बातमी आली की दक्षिण कोरियातल्या एका बड्या कंपनीला १३ लाख हेक्टर जमीन ९९ वर्षांच्या करारानं द्यायचं घाटतंय, मका आणि पामतेल पिकवायला. एका श्रीमंत देशाचा मका एका उपाशी देशाच्या जमिनीत. मालागासी माणसाला जमीन म्हणजे पूर्वजांची जागा. लोक खवळले. तेच एकमेव कारण नव्हतं, पण जानेवारी २००९ मध्ये राजधानी पेटली आणि मार्चमध्ये लष्कराच्या पाठिंब्यानं सत्ता उलटली. नव्या सत्ताधाऱ्यांनी तो करार रद्द केला. अमेरिकेनं मात्र, ही लोकशाही नव्हे म्हणून, आफ्रिकी कपड्यांना दिलेली बिनजकात सवलत १ जानेवारी २०१० पासून मादागास्करपुरती काढून घेतली.

मला तत्त्व कळतं. सत्ता बंदुकीनं उलटवणाऱ्यांना काहीतरी शिक्षा हवी. पण ती शिक्षा कुणाला झाली ते मी पाहिलं आहे. ज्यांनी सत्ता घेतली ते राजवाड्यात राहिले. कापडाच्या कारखान्यांतली हजारो माणसं घरी गेली. आमचा बराचसा माल युरोपला जायचा, तरी अमेरिकेची ऑर्डर तुटल्यावर दोन ओळी बंद झाल्या. दुसरी ओळ त्यात होती. सवलत परत मिळाली ती २०१४ मध्ये. साडेचार वर्षं म्हणजे एका मुलाची अख्खी प्राथमिक शाळा. अगदी आत्ता, सप्टेंबर २०२५ मध्ये, अंतानानारिव्होची पोरं पुन्हा रस्त्यावर आली ती पाणी आणि लाइट मागायला, आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा लष्करानं सत्ता घेतली. त्या बातम्या मी इचलकरंजीत बसून पाहत होतो आणि पडद्यावरच्या गर्दीत उगाच ओळखीचे चेहरे शोधत होतो.

वादळ तर दोघांकडे एकच येतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये बात्सिराई नावाचं चक्रीवादळ मॉरिशसच्या उत्तरेकडून गेलं. हजारो घरांची वीज गेली, झाडं पडली, लोक काँक्रीटच्या घरांत दारं लावून रेडिओवर इशाऱ्याचा आकडा ऐकत बसले. तीन दिवसांनी तेच वादळ मादागास्करच्या पूर्व किनाऱ्यावर मानान्जारीला आदळलं. शंभराहून जास्त माणसं गेली. मॉरिशसला ते थेट लागलं नव्हतं, मानान्जारीला थेट लागलं, हा फरक आहेच. पण कास्काव्हेलच्या काकांनी १९६० मध्ये जे छप्पर गमावलं, तसंच छप्पर मानान्जारीला बासष्ट वर्षांनंतरही होतं.

मॉरिशसही आज सगळं जिंकून बसलेलं नाही. २००५ नंतर कोटे गेले, साखरेचा दर गेला. जुलै २०२० मध्ये जागतिक बँकेनं त्याला उच्च उत्पन्नाच्या देशांत बसवलं आणि करोनानंतर वर्षभरात खाली उतरवलं. गुलामांच्या वंशजांच्या वस्त्या अजून बेटावरच्या सगळ्यात गरीब वस्त्यांत मोडतात.

माझा शेवटचा आठवडा मला नीट आठवतो. डिसेंबर २००९. ओळी बंद होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण हातातली ऑर्डर पूर्ण करायची होती. दुपारी पावसाचं अंधारून आलं आणि लाइट गेली. जनरेटर सुरू व्हायला पाच-सात मिनिटं लागायची. सकाळीच वडिलांशी फोनवर बोलणं झालं होतं. आमच्याकडेही भारनियमनानं माग थांबलेले, बीम चढवून तसेच पडलेले. चकत्या थांबल्या. बायका अंधारात एकमेकींशी बोलू लागल्या. दुसऱ्या ओळीतून बारीक आवाज येत राहिला, लोकर काट्यावर सरकल्याचा. ती टाके चढवतच होती.

"मस्ये," तिनं विचारलं, "तुमच्या गावात जिरो असतो का?"

"कधी असतो, कधी नसतो," मी म्हणालो. "आज त्सी मिसी. वडील माग बंद करून बसलेत."

"मग ते काय करतात?"

"वाट बघतात."

ती काही बोलली नाही. जनरेटर सुरू झाला, दिवे फडफडले. तिच्या चकतीवर कॉलर पूर्ण चढलेली होती, सगळ्या काट्यांवर, एकही टाका न सुटता. तिनं पायानं पट्टी दाबली.